पाणी मागणारे समूहगान : हायाशी हिकारू यांचे ‘गेन्बाकु शोकेई’

मंद्रसप्तक

हिरोशिमावरचे संगीत म्हटले की आपल्याकडे पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्यांना बहुधा पेंडेरेत्स्की या पोलिश संगीतकाराची बावन्न तंतुवाद्यांची रचना आठवते. ती थोर आहेच. तरी या धाग्यात मला एका जपानी रचनेविषयी लिहायचे आहे, कारण गेली दोन वर्षे मी ती पुन्हा पुन्हा ऐकते आहे आणि मराठीत तिच्याविषयी काहीच वाचायला मिळालेले नाही. हायाशी हिकारू (१९३१–२०१२) यांची ‘गेन्बाकु शोकेई’, म्हणजे ‘अणुबॉम्बची छोटी दृश्ये’, ही ती रचना. स्त्री-पुरुषांचा वृंद ती वाद्यांच्या साथीशिवाय गातो. तिचा पहिला भाग १९५८ साली झाला, दुसरा आणि तिसरा १९७१ साली, आणि चौथा २००१ साली. चार भागांच्या एका समूहगानाला त्रेचाळीस वर्षे लागली.

शब्द हारा तामिकी या कवीचे आहेत. हारा मूळचे हिरोशिमाचेच. १९४४ च्या सप्टेंबरात त्यांची पत्नी वारली आणि पुढच्या वर्षी ते तोक्योजवळच्या चिबाहून आपल्या गावी परतले. ‘नात्सु नो हाना’, म्हणजे ‘उन्हाळ्यातली फुले’, ही त्यांची प्रसिद्ध कथा पत्नीच्या थडग्यावर वाहण्यासाठी फुले विकत घेण्याच्या प्रसंगाने सुरू होते, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी ६ ऑगस्टची सकाळ उजाडते. स्फोटाच्या क्षणी ते घरातल्या शौचकूपात होते आणि त्यामुळेच वाचले. त्यानंतर नदीकाठी, निर्वासितांच्या गर्दीत, त्यांनी जवळच्या वहीत टिपणे केली. ‘जिवंत राहा आणि हे सांग, असा हा दैवाचा आदेश तर नसेल,’ अशा आशयाचे एक वाक्य त्या वहीत आहे. त्यांनी ते सांगितले आणि १९५१ च्या मार्चमध्ये, कोरियातले युद्ध चालू असताना, तोक्योतल्या रेल्वेरुळांवर स्वतःचे आयुष्य संपवले. हायाशींनी पहिला भाग लिहिला तेव्हा या गोष्टीला जेमतेम सात वर्षे झाली होती.

पहिल्या भागाचे नाव ‘मिझु ओ कुदासाई’, म्हणजे ‘पाणी द्या’. त्या कवितेत वर्णन जवळजवळ नाहीच. पाणी द्या, अहो पाणी द्या, प्यायला द्या, यापेक्षा मेलेले बरे, कुणीतरी, कृपा करून, कुणीतरी, असे तुटक शब्द एकामागून एक येतात. मध्येच नुसता ‘ओ ओ ओ ओ’ असा आकांत आहे. त्याला लागून तीन छोट्या ओळी येतात : आभाळ फाटले, शहर नाहीसे झाले, नदी वाहते आहे. ही तिसरी ओळ मला फार अवघड वाटते. पाणी मागणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून नदी वाहते आहे आणि तरी तो पाणी मागतो आहे.

कवितेचा शेवट मराठीत आणताना मला एक गोष्ट जाणवली. शेवटी रात्र येते, सुकलेल्या डोळ्यांवर आणि सोललेल्या ओठांवर येते, आणि मग ‘निन्गेन नो उमेकी’ ही ओळ येते, म्हणजे ‘माणसाचे कण्हणे’. त्यानंतर कविता आणखी एकदा ‘निन्गेन नो’ म्हणते आणि तिथेच थांबते. ‘नो’ हा आपल्या ‘चा-ची-चे’सारखा षष्ठीचा प्रत्यय आहे. त्यामुळे मराठीतही हे जसेच्या तसे उतरते : ‘माणसाचे कण्हणे, माणसाचे…’ प्रत्यय लागलेला आहे आणि नाम आलेलेच नाही. माणसाचे काय, हे सांगायला श्वास उरलेला नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की, ही रचना मृतांसाठी शोक करत नाही. शोक करणारा मागे राहिलेला असतो, आणि इथे गाणारे सगळे त्या नदीकाठीच आहेत. ज्यांनी ती ऐकली आहे त्यांनी मोकळेपणाने लिहावे.

मांडवीतीर

लेख मनापासून आवडला. मी गोव्यातल्या एका कॉयरमध्ये, म्हणजे गायनवृंदात, वीस वर्षे बास, म्हणजे सर्वांत खालचा आवाज, गातो. त्यामुळे या रचनेकडे गाणाऱ्याच्या बाजूने पाहून थोडे लिहितो, कारण नुसते ऐकताना ही बाजू लक्षात येत नाही.

आमच्या नेहमीच्या गायनात चार आवाज एकमेकांना आधार देतात. माझा स्वर डळमळला तर शेजारच्या टेनरच्या स्वरावरून मी तो पुन्हा पकडतो. ‘मिझु ओ कुदासाई’मध्ये आवाज अनेकदा इतक्या जवळजवळच्या स्वरांवर ठेवलेले आहेत की ते एकमेकांना घासतात. षड्जाला लागून कोमल ऋषभ एकाच वेळी धरला तर जी थरथर होते, ती इथे माणसांच्या गळ्यांतून येते. अशा वेळी गाणाऱ्याचा गळा आपोआप शेजाऱ्याच्या स्वराकडे घसरतो. ती शरीराचीच ओढ आहे, कारण एकाच स्वरावर आले की सुटल्यासारखे वाटते. ती ओढ नाकारून आपल्या स्वरावर उभे राहावे लागते. शेजारी खांद्याला खांदा लावून उभा असतो आणि त्याचा आधार घेता येत नाही. साथीला पियानो नाही, ऑर्गन नाही, आपल्याकडच्यासारखा तानपुराही नाही.

आम्ही एकदा सरावात हौस म्हणून पहिले पान गाऊन पाहिले होते. चौथ्या-पाचव्या मिनिटाला एका आल्टो गायिकेने वही मिटली आणि ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तिने नंतर सांगितले की, तिला स्वर सापडत होता, पण तो धरून ठेवण्यासाठी बाकीच्यांचे आवाज मनातून बाहेर काढावे लागत होते आणि ते तिला सहन होईना. मला वाटते, हायाशींना गाणाऱ्याकडून नेमके हेच हवे असावे. आपण जे लिहिले आहे की गाणारे सगळे त्या नदीकाठीच आहेत, ते गाताना अक्षरशः खरे होते.

पूर्वदिशा

मी बारा वर्षे योकोहामाला राहते. पाण्याविषयी थोडी भर घालते.

मरणाऱ्याच्या तोंडात आपण गंगेचे पाणी आणि तुळशीपत्र घालतो. जपानमध्येही अगदी असाच विधी आहे. त्याला ‘मात्सुगो नो मिझु’ म्हणतात, म्हणजे शेवटचे पाणी, आणि त्यात मृताचे ओठ पाण्याने ओलावतात. हिरोशिमात त्या दिवशी भाजलेली माणसे पाणी मागत होती आणि वाचलेल्यांना सांगितले जात होते की यांना पाणी देऊ नका, पाणी प्यायले की ती मरतात. अनेकांनी ते ऐकले आणि पाणी दिले नाही. ती माणसे तरीही मेली, तहानलेली मेली. वाचलेल्यांच्या आठवणींमध्ये ही टोचणी वारंवार येते. ज्यांनी पाणी दिले आणि ज्यांच्या हातातच कुणी गेले, त्यांनाही ती आहेच. म्हणून दर वर्षी ६ ऑगस्टच्या समारंभात फुलांबरोबर पाणीही वाहतात. त्या पार्श्वभूमीवर ‘पाणी द्या’ हे शब्द जपानी श्रोत्याला कुठे लागत असतील, याची कल्पना करावी.

आणखी एक गोष्ट. पहिला भाग लिहिल्यावर दोनच वर्षांनी, १९६० साली, हायाशींनी शिंदो कानेतो यांच्या ‘हादाका नो शिमा’, म्हणजे ‘उघडे बेट’, या चित्रपटाला संगीत दिले. शिंदो स्वतः हिरोशिमा प्रांतातले. त्या चित्रपटात एका निर्जल बेटावर राहणारे शेतकरी जोडपे रोज होडीतून पाणी आणते आणि कावडीने चढ चढून रोपांना एकेक ओगराळे घालते. संवाद जवळजवळ नाहीतच. एकदा बायकोचा पाय घसरतो, बादली सांडते आणि नवरा तिच्या थोबाडीत मारतो. मग दोघेही काही न बोलता उरलेले पाणी वर नेतात. मराठवाड्यात उन्हाळा काढलेल्या कुणालाही त्या बादलीची किंमत समजावून सांगावी लागणार नाही. १९६१ साली मॉस्कोच्या महोत्सवात या चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. मला या दोन कामांना जोडून पाहावेसे वाटते : एकात कुणी पाणी देत नाही, आणि दुसऱ्यात आयुष्यभर पाणी वाहणे एवढेच चालले आहे.

जुना_श्रोता

लेखाचा आदर ठेवून दोन मुद्द्यांवर वेगळे मत मांडतो.

पहिला मुद्दा असा की, या संगीतातले किती आपण ऐकतो आणि किती आपल्याला सांगितलेल्या कथेतून येते? पेंडेरेत्स्कींच्या त्या रचनेचे मूळ नाव ‘८ मिनिटे ३७ सेकंद’ असे होते. हिरोशिमाच्या बळींचे नाव तिला नंतर मिळाले. म्हणजे तेच स्वर आधी नुसती लांबी सांगत होते आणि नंतर एका शहराचा मृत्यू सांगू लागले. जपानमध्ये तर याहून क्लेशकारक घडले. सामुरागोची मामोरू यांच्या नावाची ‘हिरोशिमा’ सिंफनी तिथे प्रचंड खपली. बहिरा झालेला, हिरोशिमात जन्मलेला, अणुबॉम्बमधून वाचलेल्यांचा मुलगा ती लिहितो आहे, या कथेवर लोक गहिवरले. २०१४ च्या फेब्रुवारीत निइगाकी ताकाशी या संगीतकाराने पुढे येऊन सांगितले की, अठरा वर्षे हे संगीत तो लिहून देत होता. ती सिंफनी ऐकून ज्यांनी अश्रू ढाळले त्यांचे अश्रू खोटे नव्हते, पण ते कशासाठी होते, हा प्रश्न उरतोच.

दुसरा मुद्दा थेट या रचनेचा. मला तिचा चौथा भाग नको होता. १९५८ आणि १९७१ चे तीन भाग ऐकून जी अवस्था होते, ती खरी आहे. ‘दिवस मावळताना’ या दुसऱ्या भागात नदीकाठी ओळीने उकिडवे बसलेले बारीक डोळ्यांचे चेहरे आहेत, त्यांच्या पायाशी पाण्यातून एका मुलाचे मेलेले डोके वर आले आहे, आणि त्या बारीक डोळ्यांत सूर्याचा रंग काळवंडत जातो. तिसरा भाग म्हणजे ‘रात्र’. मग तीस वर्षांनी संगीतकार परत येतो आणि ‘चिरंतन हिरवाई’ नावाचा, कानाला गोड वाटणारा, सरळ स्वरमेळाचा भाग जोडतो. मला हे सांत्वन वाटते, आणि इथे सांत्वन करण्याचा अधिकार कुणालाही नाही असे माझे मत आहे. जखम उघडी ठेवण्याचे धैर्य १९७१ मध्ये होते, ते २००१ मध्ये कमी पडले.

निशिगंध

चर्चा फार चांगली चालली आहे, म्हणून मनात असलेला प्रश्न विचारतेच. जपानी कलेत युद्धाचे दुःख म्हटले की हिरोशिमाच येते. जपानी सैन्याने जिथे अत्याचार केले ते नानजिंग, कोरिया, मनिला येत नाहीत. आपल्या अंदमानवर जपानी सैन्य १९४२ ते १९४५ होते. ३० जानेवारी १९४४ रोजी होम्फ्रेगंज इथे चव्वेचाळीस भारतीयांना हेर ठरवून गोळ्या घातल्या गेल्या. पोर्ट ब्लेअरजवळचे त्यांचे स्मारक मी पाहिले आहे. ते पाहिल्यापासून हिरोशिमावरची कोणतीही कलाकृती समोर आली की माझ्या मनात आधी तो आकडा येतो. हिरोशिमाच्या मृतांविषयी मला पूर्ण सहानुभूती आहे. तरीही विचारते, हे संगीत फक्त आपल्या माणसांसाठी पाणी मागते का?

मंद्रसप्तक

निशिगंध, आपला प्रश्न रास्त आहे आणि तो जपानमध्येही विचारला गेला आहे. हिरोशिमाच्याच कवयित्री कुरिहारा सादाको यांनी १९७२ मध्ये एका कवितेत लिहिले की, आपण ‘हिरोशिमा’ म्हटल्यावर जगाने हळहळून ‘अरेरे, हिरोशिमा’ म्हणावे अशी आपली अपेक्षा असते. पण ‘हिरोशिमा’ म्हटले की ‘पर्ल हार्बर’ ऐकू येते, ‘हिरोशिमा’ म्हटले की ‘नानजिंगची कत्तल’ ऐकू येते. स्वतः अणुबॉम्बमधून वाचलेल्या बाईने हे लिहिले आहे.

संगीतातले उदाहरण द्यायचे तर होसोकावा तोशिओ यांचे देते. ते १९५५ साली हिरोशिमात जन्मले. १९८९ मध्ये सुरू केलेली हिरोशिमावरची आपली वाद्यवृंद आणि गायनाची रचना त्यांनी वाढवत नेली आणि २००१ मध्ये ‘हिरोशिमाचा मूक आवाज’ या नावाने पूर्ण केली. तिच्यात हिरोशिमाच्या मुलांच्या आठवणी आहेत, आणि त्याच रचनेत पाउल त्सेलान या कवीची जर्मन कविताही आहे, ज्याचे आईवडील नाझींच्या छळात गेले. शेवटी बाशो या जुन्या जपानी हायकूकाराच्या शब्दांवर मंदिराची घंटा येते. होसोकावा ज्यांच्याकडे बर्लिनमध्ये शिकले ते इसांग युन कोरियन होते, आणि कोरियावरच्या जपानी राजवटीने त्यांना १९४३ साली तुरुंगात टाकले होते. गुरू-शिष्यांमधला हा इतिहास मला विसरता येत नाही.

हायाशींच्या रचनेत मात्र अंदमान नाही, नानजिंगही नाही, आणि ते आहे असे मी ओढूनताणून म्हणणार नाही. एवढेच नोंदवते की ‘मिझु ओ कुदासाई’मध्ये शत्रूचा उल्लेख नाही आणि ‘जपानी’ हा शब्दही नाही. तिथे फक्त ‘निन्गेन’ आहे, म्हणजे माणूस. हारांनी ही कविता काताकाना लिपीत लिहिली. आज ती लिपी मुख्यतः परकीय शब्दांसाठी वापरतात. तारेचा मजकूर त्याच लिपीत जात असे. त्या लिपीतला ‘माणूस’ हा शब्द जपानी वाचकाला ओळखीचा असूनही परका दिसतो. हारांनी ‘नात्सु नो हाना’मध्ये म्हटलेच आहे की हे दृश्य काताकानातच लिहायला हवे असे वाटते. आपल्या बाळबोधीत असे काही करता येणार नाही, त्यामुळे भाषांतरात हे हरवते.

जुना_श्रोता, आपल्या पहिल्या मुद्द्यावर माझी हरकत नाही. इतकेच म्हणेन की हायाशींनी स्वतःचे चरित्र पुढे केले नाही. ते तोक्योचे होते, १९४५ साली तेरा वर्षांचे होते, आणि दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे गळ्यांत ठेवणे एवढेच त्यांनी केले. १९८० पासून दर ऑगस्टमध्ये तोक्योत वृंदासमोर उभे राहून ते ही रचना सादर करत राहिले. त्यांच्या पश्चातही ती प्रथा चालू राहिली. दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मला विचार करायला वेळ हवा, कारण चौथ्या भागाविषयी माझ्याही मनात आजवर थोडी शंका होती.

पूर्वदिशा

चौथ्या भागाविषयी मी थोडे लिहू का? मूळ कविता समोर ठेवून लिहिते आहे.

हारांच्या ‘गेन्बाकु शोकेई’ या मालिकेत नऊ कविता आहेत आणि ‘चिरंतन हिरवाई’ ही शेवटची आहे. म्हणजे ती हायाशींनी बाहेरून आणलेली नाही. कवीने स्वतःच मालिकेचा शेवट तिथे केला आहे. आधीच्या आठ कविता काताकानात आहेत आणि ही एकच कविता नेहमीच्या लिपीत आहे. तिच्यात काताकाना उरते ती फक्त ‘हिरोशिमाच्या त्रिभुज प्रदेशात’ या ओळीपुरती. वाचताना असे वाटते की हात थोडा सैल झाला आहे, पण शहराचे नाव लिहिताना तो पुन्हा आखडतो.

आता क्रियापदे पाहा. हिरोशिमा हिरवे झाले, असे कविता कुठेही म्हणत नाही. ‘वाकाबा उझुमाके’ म्हणजे कोवळ्या पानांनो, भोवऱ्यासारखी उसळा. ‘योकी इनोरी यो कोमोरे’ म्हणजे मृत्यूच्या आणि ज्वाळांच्या स्मृतीत, हे चांगल्या प्रार्थने, भरून राहा. आणि शेवटी ‘आओबा शितातारे’. ही सगळी आज्ञार्थाची रूपे आहेत. पसायदानातले ‘सांडो’, ‘लाहो’ आठवा. खळांची वाकडी बुद्धी गेली आहे, असे ज्ञानदेव सांगत नाहीत, ती जावो म्हणून मागतात. ही कविताही तशीच मागते आहे. पहिल्या भागात ‘कुदासाई’, म्हणजे द्या, हे मागणे होते. चौथ्यातही मागणेच आहे, आणि दोन्हीकडे उत्तर आलेले नाही. म्हणून मला त्यात सांत्वन ऐकू येत नाही.

मांडवीतीर

वा! मग ‘शितातारे’ म्हणजे नेमके काय?

पूर्वदिशा

ठिबका. हिरव्या पानांनो, ठिबका. पावसानंतर पानांच्या टोकावरून पाणी पडते, त्यासाठी हे क्रियापद वापरतात. हिरवाई इतकी दाट झाली की तीच ओघळू लागते, असाही त्याचा अर्थ घेतात.

जुना_श्रोता

पूर्वदिशा, आपला प्रतिसाद वाचून काल रात्री चारही भाग सलग ऐकले. इतकी वर्षे मी तिसरा भाग संपला की थांबत असे. त्यामुळे पहिल्यापासून चौथ्यापर्यंत एका बैठकीत ऐकण्याची ही पहिलीच वेळ होती, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. तो स्वरमेळ मला अजूनही जरा जास्त गोड वाटतो. पण आज्ञार्थाचा मुद्दा मला मान्य आहे आणि ‘धैर्य कमी पडले’ हे माझे वाक्य मी मागे घेतो. शेवटच्या ओळीला शब्द ओळखू आला आणि मी पहिल्या भागातली नदी आठवत बसलो.

मांडवीतीर

आमच्या कॉयरला मी पुन्हा विचारले आहे. चौथा भाग आधी बसवू आणि पहिला नंतर, असे ठरते आहे, कारण आवाजांनी एकमेकांवर विसावणे आधी अनुभवले तर मग तो आधार काढून घेतल्यावर काय होते ते गळ्याला कळेल. त्या दिवशी खिडकीपाशी गेलेली गायिका येणार आहे. तिने देवनागरीत लिहिलेले उच्चार मागितले आहेत. पूर्वदिशा, ‘कुदासाई’मधला ‘सा’ किती लांबवायचा, एवढे कळवाल का?